बाळाचे लंगोट, कापडी डायपर आणि ढेकराची कापडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातवा महिना लागला की घरात बाळंतविड्याची जमवाजमव सुरू होते. आजी जुन्या सुती साड्या बाजूला काढते, मैत्रीण कापडी डायपरच्या लिंका पाठवते आणि दुकानदार डिस्पोजेबलचं मोठं पाकीट पुढे करतो. तिघांचंही काही ना काही बरोबर असतं, त्यामुळेच गोंधळ वाढतो. त्यातून नेहमी निघणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आधी काय ठरवायचं?

कापड वाळणार कुठे आणि धुणार कोण, हे. मऊपणा, नक्षी, कंपनी हे सगळं नंतर. गच्चीवर कडक ऊन असेल तर जाड, चार-सहा पदरी डायपरही दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. तोच डायपर ऊन न येणाऱ्या फ्लॅटमध्ये, ऑगस्ट महिन्यात, दुसऱ्या दिवशीही दमटच लागतो, आणि दमट कापड बाळाला बांधलं की पुरळ आलंच. म्हणून महागातलं महाग कापड घेण्याआधी एकदा स्वतःच्या बाल्कनीत उभं राहून ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते पाहा.

दुसरी गोष्ट धुणाऱ्या हातांची. बाळंतिणीने सुरुवातीला धुण्याला हात लावू नये हे आपल्याकडे पूर्वापार सांगतात, आणि ते योग्य आहे. पण मग हे काम कुणी न बोलता आजीच्या किंवा धुण्याच्या मावशींच्या गळ्यात पडतं. मावशींना आधी विचारा, वाढीव पैसे ठरवा आणि शी झालेलं कापड तसंच त्यांच्या पुढ्यात टाकू नका. बाबांनी रोजची एक बादली स्वतःकडे घेतली तर कापडी लंगोट घरात टिकतात. नाही घेतली तर बहुतेक घरांत पहिल्या महिन्यातच ते कपाटात जातात.

लंगोट किती लागतील?

दूध नीट उतरल्यावर, म्हणजे साधारण पाचव्या दिवसापासून, बाळ २४ तासांत निदान सहा वेळा शू करतं. बरीच बाळं याच्या दुप्पट करतात. शी वेगळी. पातळ सुती लंगोट प्रत्येक वेळी बदलावा लागतो, म्हणून दिवसाला १५ ते २० जातात. रोज धुणार असाल तर ३० पुरतात. बाळ पावसाळ्यात येणार असेल तर ४० धरा. एकदम सगळे विकत घेऊ नका, निम्मे घरच्या जुन्या कापडाचे करा.

कापड कोणतं चांगलं?

लंगोटाला मलमल, केंब्रिक किंवा होजिअरी, म्हणजे टी-शर्टचं सुती कापड. तिन्ही मऊ, तिन्ही लवकर वाळणारी. फ्लॅनेल आणि टेरी जास्त पाणी पितात, पण वाळायला तेवढाच वेळ घेतात. ती थंडीत आणि रात्री बरी. बांबूच्या नावाने मिळणारं कापड प्रत्यक्षात बांबूच्या लगद्यापासून केलेलं रेयॉन असतं. मऊ असतं, भरपूर शोषतं, पण वाळायला फार रेंगाळतं. मायक्रोफायबरचा पॅड त्वचेला थेट लावायचा नाही. तो ओलावा इतका खेचतो की त्वचा कोरडी पडून रखरखीत होते.

दुकानात ‘प्युअर कॉटन’ म्हटलं की विश्वास ठेवायचं कारण नाही. कापडाच्या कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांनी चुरता येईल अशी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक गाठ राहते. शिवाय कोरं कापड खळीचं असतं, त्यामुळे त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब वरच थांबतो. रात्रभर भिजवून तीन-चार वेळा धुतल्यावर तोच थेंब लगेच पसरतो. तो पसरायला लागेपर्यंत लंगोट बाळाला घालू नका, सगळी शू बाजूने बाहेर येईल.

जुन्या साडीचे लंगोट चालतात का?

नुसते चालतात असं नाही, पहिल्या महिन्यासाठी त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं धुतल्यामुळे त्यातली खळ गेलेली असते, रंग सुटायचा तेवढा सुटून गेलेला असतो आणि सूत मोकळं झालेलं असतं. साडी मात्र पूर्ण सुती हवी.

साडेपाच मीटरची साडी घ्या. फॉल उसवा, काठ आणि जर कापून टाका. सुमारे एक मीटर पन्हा उरतो. अर्ध्या मीटरचे चौकोन पाडले तर लांबीत ११ आणि रुंदीत २, असे २२ होतात. पदराचा जड भाग वगळला तरी १८-२० कुठे गेले नाहीत. कडा दुमडून बारीक शिवण घाला. नुसत्या कापलेल्या कडेचे धागे सुटतात, आणि हा धागा साधा समजू नका. सुटा धागा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, हालचालीने आवळत जातो आणि बोट सुजून लाल-जांभळं होतं. बाळ पोट भरलेलं असूनही कशानेच शांत होत नसेल तर मोजे काढून हातापायांची सगळी बोटं बघा, मुलगा असेल तर शूची जागाही बघा. धागा रुतलेला दिसला आणि सहज निघाला नाही तर लगेच दवाखाना गाठा. लंगोट, झबली, मोजे घालण्याआधी उलटे करून आतली शिवण बोटाने चाचपायची सवय लावून घ्या.

मोठ्या भावंडाचे जुने कपडे ट्रंकेत जपून ठेवलेत. ते काढू का?

काढा, पण आधी वास घ्या. डांबराच्या गोळ्यांचा वास येत असेल तर थांबा. या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे, कारण इतकी प्रेमाने केलेली चूक दुसरी नसेल.

बऱ्याचशा डांबरगोळ्यांमध्ये नॅप्थलीन असतं. त्याची वाफ कापडात मुरते आणि तिथून बाळाच्या श्वासातून आणि त्वचेतून शरीरात जाते. काही बाळांच्या तांबड्या पेशींमध्ये जी-६-पीडी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. नॅप्थलीनमुळे अशा बाळाच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, वाढतं आणि कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला इजा होते. ही कमतरता आपल्या देशात दुर्मिळ नाही, आणि ती मुलग्यांत जास्त दिसते. पण बहुतेक आई-वडिलांना आपल्या बाळाला ती आहे की नाही हे ठाऊकच नसतं. म्हणून हा नियम सगळ्यांसाठीच पाळायचा.

असे कपडे धुऊन काही दिवस उघड्यावर, वाऱ्यात आणि उन्हात ठेवा. तरीही वास राहिला तर बाळासाठी वापरू नका, पुसायला घ्या. बाळाच्या खोलीतल्या कपाटातल्या गोळ्याही काढून टाका. मोठ्यांच्या पांघरुणातून, गोधडीतूनही वाफ येतेच. पुढे कपडे जपून ठेवायचे तर कडुनिंबाचा खडखडीत वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाचा डबा पुरतो.

बाजारातल्या कापडी डायपरचे इतके प्रकार का?

मुळात दोनच भाग असतात, शोषणारं कापड आणि बाहेरचं न भिजणारं कव्हर. ते कसे जोडलेत यावरून नावं बदलतात.

सुटा चौकोन किंवा घडीचा पॅड आणि वरून कव्हर, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर वाळणारा प्रकार. शू झाली तर आतलं कापड बदलायचं, कव्हर पुसून पुन्हा वापरायचं. पॉकेट डायपरमध्ये खिशात पॅड सरकवायचा, धुताना तो बाहेर काढायचा. आणि ‘ऑल-इन-वन’ म्हणजे सगळं एकत्र शिवलेलं. बांधायला तो अगदी सोपा, पण वाळायला सगळ्यात हट्टी. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत तो निभतो. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत मी सुटा चौकोन आणि कव्हरच सुचवेन.

कव्हर बहुधा पीयूएलचं, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेल्या कापडाचं असतं. ते उकळायचं नाही आणि त्याला इस्त्री करायची नाही. घेताना मांडीपाशी बोट घालून बघा. इलॅस्टिक बसायला हवं, पण वळ उमटता कामा नये. ‘जन्मापासून तीन वर्षांपर्यंत’ असं लिहिलेला एकच माप असलेला डायपर तीन किलोच्या बाळाला बहुधा ढगळ होतो. बाळ थोडं भरेपर्यंत साधा लंगोट वापरा आणि आधी दोन-तीनच डायपर आणून बघा. आपल्या बाळाच्या मांड्यांना कोणता बसतो हे घातल्याशिवाय कळत नाही.

ढेकरासाठी वेगळं कापड कशाला, दुपटं आहेच की!

दुपट्याने काम भागतं, पण मग रोज पाच-सहा दुपटी धुवावी लागतात. खांद्यावर टाकायला हातभर लांब आणि वीतभर रुंद, दोन-तीन पदरी सुती कापड पुरतं. त्याचा निम्मा भाग पाठीवर उतरायला हवा, कारण बाळ दूध काढतं ते खांद्याच्या मागेच.

यासाठी साधा पंचा फार उत्तम. पातळ, रुंद, पाणी पिणारा आणि पावसातही वाळणारा. कोरा पंचा खरखरीत लागतो, पण भिजवून काही वेळा धुतला की मऊ पडतो. एका मोठ्या पंच्याचे तीन-चार तुकडे निघतात. दूध जास्तच येत असेल तर सोलापुरी टॉवेलचा तुकडा घ्या, फक्त टाक्यांत बाळाची बोटं अडकतील असे फुगलेले, ओढलेले टाके नकोत. दिवसाला सहा-आठ कापडं लागतात, डझन-दीड डझन करून ठेवा.

खांद्यावरचं कापड वेगळं आणि बाळाचं तोंड पुसायचं वेगळं. आपल्या खांद्यावरचं कापड दिवसभर घाम, केस, मसाल्याचे हात असं सगळं गोळा करत असतं. दुधाने भिजलेलं कापड अंथरुणावर राहू देऊ नका, तासाभरात लाल मुंग्यांची रांग लागते. आणि बाळ झोपलं की लाळेरं काढा, ढेकराचं कापड आणि जादा पांघरूण त्याच्या तोंडाजवळून उचला. झोपलेल्या बाळाच्या आसपास सैल कापड नकोच. गळ्याशी नाडी बांधायची लाळेरी आणि टोपडी तर झोपेत कधीच ठेवू नका.

लंगोटावरचा डाग पाहून काय कळतं?

पुष्कळ कळतं. निदान पहिल्या महिन्यात दिवसा तरी पांढरा सुती लंगोट वापरावा असं मला मनापासून वाटतं, ते याच कारणाने. डिस्पोजेबलमधली जेल शू पिऊन टाकते. बाळाने किती वेळा केली, रंग कसा होता, काहीच दिसत नाही.

पहिले दोन-तीन दिवस शी काळपट हिरवी आणि अतिशय चिकट असते. ती अपेक्षितच आहे. बाळाच्या ढुंगणाला आधी खोबरेल तेलाचा हात लावला तर पुसायला सोपं जातं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत, आईचं दूध मिळत असेल तर, ती पिवळी, पातळ, कणीदार होते. ती हगवण नाही. सुरुवातीच्या दिवसांत लंगोटावर विटकरी किंवा नारिंगी भुकटीसारखा डाग दिसतो, तो लघवीतल्या युरेटचा. दूध वाढलं की तो जायला हवा. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला किंवा शूच कमी होत असेल तर बाळाचं वजन आणि दूध पिणं डॉक्टरांना दाखवा. मुलीच्या लंगोटावर पहिल्या आठवड्यात रक्ताचा बारीकसा ठिपका दिसू शकतो, तो आईच्या संप्रेरकांमुळे असतो.

आता घाबरायचं ते. तान्ह्या बाळाची शू जवळजवळ बिनरंगी असते. ती लंगोटावर गडद पिवळा डाग पाडत असेल आणि शी पांढुरकी, मातकट, राखाडी होत असेल तर ‘काविळीला ऊन दाखवा’ एवढ्यावर थांबू नका. पित्त आतड्यात उतरत नसण्याची ही खूण असू शकते. पित्तनलिका बंद असण्याच्या आजारात ‘कासाई’ नावाची शस्त्रक्रिया करतात आणि ती बाळ दोन महिन्यांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त असते. आठवडे वाया घालवणं परवडत नाही. लंगोट तसाच पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, किंवा दिवसाच्या उजेडात फोटो काढा. चौदा दिवसांनंतर राहिलेली कावीळ तर शीचा रंग काहीही असला तरी दाखवायचीच.

ढेकराच्या कापडावरही लक्ष असू द्या. पांढरं किंवा फाटलेलं दूध थोडंसं येणं नेहमीचं. पण उलटी हिरवी असेल तर मध्यरात्र असली तरी दवाखाना, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. आणि तीन ते सहा आठवड्यांचं बाळ प्रत्येक दुधानंतर लांबवर उडेल अशी उलटी करत असेल, पुन्हा भुकेलं होत असेल, तर जठराचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. तेही त्याच दिवशी दाखवा.

धुवायचं कसं? डेटॉल घालायचं का?

शू झालेला लंगोट लगेच साध्या पाण्यातून काढा. शी असेल तर ती आधी संडासात टाका, मग गार पाण्याने डाग खळबळवा. आधीच गरम पाणी ओतलं तर डाग पक्का बसतो. त्यानंतर साधी वासरहित पावडर आणि गरम पाणी. फेस येणं पूर्ण थांबेपर्यंत खळबळा. कापडात राहिलेला साबण शूने ओला होऊन त्वचेला चावतो, आणि घरोघरी ‘डायपरमुळे’ आलेलं म्हणतात ते पुरळ कित्येकदा याचंच असतं.

डेटॉल रोज नको. नीट धुणं आणि ऊन एवढं पुरतं. आजारपणानंतर किंवा बुरशीचं पुरळ आलं तर सुती लंगोट उकळून घ्या. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, तो कापडावर थर चढवतो आणि मग कापड पाणीच पीत नाही. बोअरवेलचं जड पाणी असेल तर लंगोट पापडासारखे कडक होतात. अशा वेळी धुण्याचा सोडा चिमूट-दोन चिमूट घाला आणि शेवटचं खळबळणं नळाच्या गोड्या पाण्यात करा. पिवळट डाग राहिले तर ओलं कापड थेट उन्हात टाका, फिकट होतात. थोडा डाग उरला तरी बिघडत नाही, स्वच्छ असल्याशी मतलब.

धुतल्यावरही, ओला होताच लंगोटाला डोळ्यांत जाणारा उग्र वास येत असेल तर कापडात जुनी शू साठली आहे. मशीनचं मोठं आवर्तन, जास्त पाणी आणि थोडी जास्त पावडर घेऊन एकदा मनसोक्त धुवा.

पावसाळ्यात वाळणार कसे?

एकपदरी कापड, पंख्याखाली दोरी आणि मशीनचा स्पिन. शेवटचा दमटपणा इस्त्रीने घालवा, ती सुती कापडाला चालते. शेगडीवर उलटी टोपली ठेवून त्यावर लंगोट वाळवायची जुनी रीत आहे, पण बंद खोलीत कोळसा पेटवून बाळ-बाळंतिणीला त्या धुरात ठेवणं धोक्याचं आहे. ते करू नका. आणि जुलैत तीन दिवस ऊन नसेल तर सरळ डिस्पोजेबल वापरा.

तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर ठेवू नयेत, असं आजी म्हणते.

ऐका आजीचं. संध्याकाळनंतर दव पडतं आणि दिव्याकडे येणारे किडे कपड्यांवर बसतात. पावसाळ्यात एक बारीक नारिंगी-काळा किडा येतो, तो त्वचेवर चिरडला तर भाजल्यासारखे फोड उठतात. घडी घालण्याआधी प्रत्येक कापड झटका.

लंगोट बांधायचा किती घट्ट?

पोटाशी दोन बोटं सहज जावीत. नाळ पडेपर्यंत पुढची कड नाळेखाली दुमडा, ती कोरडी आणि उघडी राहू द्या. मुलाला पुढे जास्त घडी, मुलीला मध्ये आणि मागे. पुसताना मुलीला नेहमी पुढून मागे. पिना नकोत.

दुपट्यात गुंडाळताना हात हवे तर आत घ्या, पण पाय सरळ ओढून आवळू नका. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि फाकलेले राहायला हवेत. ते जबरदस्तीने सरळ बांधले की खुब्याचा सांधा नीट बसत नाही. जाड लंगोटामुळे पाय वाकडे होतात ही भीती खोटी आहे. फाकलेले पाय खुब्याला चांगलेच.

पुरळ आलं तर?

दिवसातून काही वेळ लंगोटच नको, उघडं राहू द्या. झिंक ऑक्साइडचं मलम लावा, पण ते कापडाला चिकटून शोषण कमी करतं, म्हणून मध्ये पातळ मलमलचा तुकडा ठेवा. पावडर टाकू नका, ती बाळाच्या श्वासात जाते. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असते, तिला डॉक्टरांनी दिलेलं मलम लागतं.

प्रवासात, रात्री, पाळणाघरात डिस्पोजेबल वापरला तर?

वापरा, आणि त्यात अपराधी वाटून घेऊ नका. रात्रीची झोप आईला हवीच असते. एसटीच्या सहा तासांच्या प्रवासात लंगोट बदलत बसणं शक्य नसतं. पाळणाघरं बहुधा कापडी घेत नाहीत. घेत असतील तर बदललेले डायपर ठेवायला चेनची न भिजणारी पिशवी द्या. फक्त ‘बारा तास कोरडं’ या जाहिरातीवर जाऊ नका. शी झाली की लगेच आणि एरवी तीन-चार तासांनी बदला.

वापरलेला डायपर ओल्या कचऱ्यात टाकायचा नाही, संडासात तर मुळीच नाही. घनकचरा नियमांनुसार तो वेगळा, गुंडाळून द्यायचा असतो. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम चालवली. उघडं डायपर हाताने वेगळं करावं लागू नये, एवढीच त्यांची मागणी होती. तुमच्या गावात अशी सोय नसली तरी आतली शी काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून, खूण करून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.